बाहेरचा लाइट

तुळशीपाशी निरांजन लागलं की नरहरराव चपला पायांत सरकवायचे. दाराआडच्या खिळ्यांवरून एकेक किल्ली उतरवायची, सदऱ्याच्या खिशात टाकायची, खिसा बाहेरून एकदा दाबून बघायचा आणि "आलोच" म्हणत फाटक ओढून घ्यायचं. गल्लीतल्या बंद घरांचे बाहेरचे लाइट लावून ते परत यायचे. सकाळी दूधवाल्याच्या आधी तेच लाइट बंद करायला पुन्हा फेरी.

"देवळातल्या पुजाऱ्याला तरी एखाद्या दिवशी बदली माणूस मिळतो हो," मीराताई नवऱ्याला म्हणायच्या.

"पुजाऱ्याला देवाचा पुण्याहून फोन येत नाही, लाइट लागला का म्हणून."

किल्ल्या अंधुक उजेडात ओळखू याव्यात म्हणून मीराताईंनी प्रत्येकीला ब्लाउजच्या चिंधीची पट्टी बांधली होती. मोतिया प्रभाकररावांची, जांभळी हैदराबादला गेलेल्या रत्नदीपची, आणखी दोनतीन. सगळ्यांची घरं अशी आपल्या जुन्या ब्लाउजांना बांधलेली बघून त्यांना अधूनमधून हसू यायचं.

आर्वीत एसटी डेपोच्या मागे ही कॉलनी. मास्तर, कारकून, पोस्टातली माणसं, सगळ्यांनी मिळून घेतलेला लेआऊट. जमीन काळी, म्हणून परवडली. ती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि घरांच्या भिंतींना तडे देते. दर दिवाळीला माणसं तडे बुजवून वर रंग मारायची आणि पुढच्या वैशाखात तडे पुन्हा त्याच जागी उगवायचे. पण घरं उभी राहिली. आधी एक खोली, मग स्वयंपाकघर, मग मुलांसाठी वरची खोली. ज्यांच्यासाठी वरच्या खोल्या बांधल्या ती मुलं शिकली आणि गेली. मागोमाग आईवडीलही जायला लागले.

पहिली किल्ली पुण्याला निघालेल्या प्रभाकररावांनी दिली. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. नरहरराव त्याच शाळेच्या ऑफिसात बाबू होते. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद पुढे सरकवले. शाळेत त्यांना सगळे बाबूजी म्हणायचे, नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही. त्याच प्रभाकररावांनी एका संध्याकाळी फाटकाशी येऊन किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"दिवाळीपर्यंत येतोच, नरहरराव. तेवढा संध्याकाळचा लाइट लावत जा. घर अंधारात बरं दिसत नाही."

दिवाळ्या होत गेल्या. प्रभाकरराव लग्नकार्यापुरते येत, दोन दिवस राहत आणि किल्ली पुन्हा नरहररावांच्या हातावर ठेवत. बघून बघून बाकीच्यांनीही ठेवल्या. रात्री जेवणाआधी नरहरराव त्या खिळ्यांसमोर क्षणभर उभे राहायचे. काही करायचे नाहीत, नुसते उभे. मीराताई तेव्हा मुद्दाम त्यांना हाक मारायच्या नाहीत.

स्वतःच्या दारावर मात्र अंधार. तो सगळ्याच गल्लीचा शिरस्ता. नोकरदारांची वस्ती, माणसं आत बसली असताना बाहेर लाइट कशाला जाळायचा? फेरी आटोपून आत पाऊल टाकलं की नरहरराव म्हणायचे, "मीरा, बाहेरचा बंद कर." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मीराताईंचं बोट बटणावर असायचं.

समोर अनुसयाबाई राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं, डोमाजींचं, बाजार समितीच्या रस्त्यावर किराणा दुकान होतं. बाईंचा आवाज डेपोतल्या भोंग्याला भारी. नरहरराव किल्ल्या वाजवत निघाले की त्या ओसरीवरून ओरडायच्या, "बाबूजी, आमच्या घरचा बी लावून देजा! आमी काय पाप केलं?"

"तुम्ही पुण्याला जा, मग लावतो."

हे रोजचं, न चुकता.

गेल्या हिवाळ्यात, कापसाच्या गाड्या रस्त्याने जाऊन कुंपणांच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकायचे ते दिवस. सकाळी नरहरराव प्रभाकररावांच्या दारी पोचले तर कडी वाकवलेली, दार सताड. आत तांब्याचा बंब नव्हता. न्हाणीघराच्या तोट्या उपटलेल्या, देवघरातल्या चांदीच्या समया गेलेल्या. आणि दारावर लाइट आपला शांतपणे जळत होता. नरहररावांनी आधी तो बंद केला. मग हाक मारली.

गल्ली जमली. पोलीस आला, चहा घेतला, कडी निरखली.

"लाइट चालू होता का बंद?"

"चालू होता. मी केला बंद."

"चालू असून शिरले म्हणजे!" पोलिसाला नवल वाटलं.

अनुसयाबाई पदर खोचून पुढेच उभ्या होत्या. मनात आलं ते ओठावर, तशी बाई.

"त्यात काय नवल हाये, साहेब? चोराले पत्ता इचारा लागते का आमच्या गल्लीत? मानूस घरी असला त बाहेर अंधार. अन् लाइट लागला का समजून घ्या, मालक पुण्याले!"

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळ्यांनी जणू गल्ली पहिल्यांदाच पाहिली. पोलीस मान हलवत म्हणाला, "बाई बरोबर बोलून राह्यल्या."

मीराताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते हातातल्या किल्लीची मोतिया पट्टी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. अनुसयाबाईंनाही आपण काय बोललो ते आत्ता कळलं. "तसं नाई म्हनत मी, बाबूजी..." त्या म्हणाल्या आणि खोचलेला पदर सोडत मागे सरल्या.

त्या संध्याकाळी निरांजन लागलं तरी नरहरराव खुर्चीतून उठले नाहीत.

"जात नाही का?"

"लावला तर चोराला सांगितल्यासारखं. नाही लावला तर त्यांना दिलेला शब्द मोडल्यासारखं." खिळ्यांकडे बघत ते म्हणाले, "इतकी वर्षं मी काय केलं गं?"

मीराताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग नरहररावांनी वेगळंच काही सुरू केलं. एक दिवस एकाच घरी लाइट, दुसऱ्या दिवशी भलत्याच. कधी उशिरा लावायचा, कधी लावून थोड्या वेळात पुन्हा जाऊन बंद करायचा, म्हणजे आत माणूस आहे असं वाटेल. गल्लीत त्यांच्या फेऱ्या वाढल्या. कोणता लावला, कोणता राहिला, त्यांचाच गोंधळ व्हायचा. ताटावरून उठून ते फाटकापर्यंत जाऊन बघून यायचे. अनुसयाबाई ओसरीवर बसलेल्या असायच्या, पण ओरडायच्या नाहीत. ते दिसले की त्या उठून आत जायच्या.

प्रभाकरराव फोनवर चांगलं बोलले. "जाऊ द्या हो, नरहरराव. तुमचा काय दोष?" पण आठवड्याने त्यांचा वर्ध्याचा पुतण्या आला. चपला न काढताच दारात उभा राहिला. "काका म्हणाले, तुम्हाला या वयात उगाच ताप. चाबी मीच ठेवतो." नरहररावांनी किल्ली दिली. त्याने दारातच मोतिया पट्टी सोडली, किल्ली आपल्या गाडीच्या किल्लीबरोबर अडकवली आणि पट्टी मीराताईंच्या हातात परत दिली.

रत्नदीपचा हैदराबादहून फोन. त्याने माणूस पाठवून कॅमेरा बसवून घेतला, लाइटही तिकडूनच फोनवर लावतो म्हणाला. "आता तुम्हाला त्रास नाही, काका." खरंच नव्हता. नरहरराव त्याच्या घरासमोर उभे असताना लाइट आपोआप लागला आणि ते दचकून मागे सरले. कॅमेऱ्यात ते दिसले असणार. रत्नदीपने त्याबद्दल कधी विचारलं नाही.

उरलेल्या किल्ल्याही गेल्या. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. उलट प्रत्येकाने आभार मानले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मीराताईंना वाटायचं; त्याला उत्तर तरी देता येतं. दाराआड खिळे तेवढे राहिले. संध्याकाळी नरहररावांचा हात तिकडे जायचा आणि मधूनच मागे यायचा. तरी ते चपला घालायचे, रिकामा खिसा दाबून बघायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे.

अशाच एका संध्याकाळी ते परतले तर त्यांच्या स्वतःच्या दारावर लाइट होता.

"हे काय? आपण कुठे गावाला गेलो?"

"नाही," मीराताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "आहोत म्हणूनच लावला."

नरहरराव पायरीवर उभे राहून वर बघत राहिले. घर बांधल्यापासून त्या दिव्याखाली ते बहुधा पहिल्यांदाच इतका वेळ उभे होते. लाइट बंद कर, असं मात्र म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समोरच्या ओसरीवरही उजेड. आणि कित्येक आठवड्यांनी तो आवाज, जरा घोगरा, "बाबूजी! आमी घरीच हाओ बरं, पुण्याले नाई गेलो! आता चोराले पुसू द्या पत्ता!"

नरहररावांनी हात वर केला. हसले की नाही ते मीराताईंना आतून दिसलं नाही. हळूहळू शेजारच्या आणखी चारदोन घरांवरही लाइट लागले. कुणाचं बंद, कुणाचं चालतं, लांबून कळेनासं झालं. पण एकही किल्ली परत आली नाही. मीराताईंनी वाट पाहिली होती. नरहररावांनीही पाहिली असणार. खिळे उपटून टाकू का, असं एकदा विचारलं तर "असू दे" एवढंच म्हणाले.

माघातल्या एका थंडीच्या सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. दूधवाला फाटकाशी हाका मारत राहिला.

दहाव्याला प्रभाकरराव पुण्याहून आले. मीराताईंसमोर सतरंजीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं काही बोलले का, वहिनी? माझ्याबद्दल, घराबद्दल?"

अनुसयाबाईही मीराताईंकडे बघत राहिल्या.

मीराताईंनी मान हलवली. सांगण्यासारखं काही नव्हतंच. ते गेले त्याच्या आदल्या रात्री अंथरूण घालून झाल्यावर इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचं बोट बाहेरच्या बटणाकडे गेलं होतं, आणि रजई गळ्यापर्यंत ओढून नरहरराव म्हणाले होते, "तो राहू दे. आतला बंद कर, डोळ्यांवर येतो."