बिनआवाजाचे गेम

निपाणीची प्रेमा लग्न होऊन बेंगळुरूला आली आणि बनशंकरीत घराच्या तळमजल्यावर तिनं बालवाडी थाटली. बाई मायाळू, पोरांचे शेंबूड पुसण्यापासून सगळं स्वतः करणारी. पण गोंगाट झाला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. हौसेनं चार कंप्युटर घेतले आणि चौघांनी एकदम चार गाणी सुरू केल्यावर तिचं डोकंच उठलं. मग काय, तिनं नियमच करून टाकला: आवाज बंद ठेवूनही खेळता येईल तोच गेम घ्यायचा. आकार जुळवा, रंग ओळखा, सावली शोधा. पालकांना मात्र सांगायची, "आमच्याकडं एकाग्रता वाढवणारेच गेम असतात." डोकेदुखीला एवढं गोड नाव दिलं होतं बाईनं.

या गेममध्ये सगळ्यात तरबेज श्रीवत्स. साडेतीन वर्षांचं पोरगं, पण आकार असे पटापट बसवायचं की प्रेमाला कोण कौतुक. बोलत मात्र नव्हता. त्याची आई क्षमा, नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली, रोज न्यायला आली की विचारायची, "आज काही बोलला का?"

"अहो, घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, इथं इंग्रजी. पोरानं कुठली धरायची? माझा भाऊसुद्धा उशिराच बोलला. स्वल्प थांबा की," प्रेमा म्हणायची. क्षमा थांबली.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी प्रेमानं प्राण्यांच्या आवाजांचा नवा गेम लावून पाहिला, तोही पालक फारच मागं लागले म्हणून. हत्ती असा ओरडला की सगळी पोरं दचकली, यशोवर्धन तर येऊन तिच्या पदराला बिलगला. श्रीवत्स पाठमोरा बसून आपले त्रिकोण बसवत होता. प्रेमानं मागून हाक मारली. टाळी वाजवली. शेवटी त्याच्या कंप्युटरचा आवाज पुरता वाढवला. पोरगं ढिम्म हललं नाही.

मग तिला एकेक आठवायला लागलं. डब्याची वेळ झाली की तो इतरांकडं बघून उठायचा. खांद्याला हात लावल्याशिवाय वळायचा नाही. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि ती त्याला शहाणा म्हणत होती. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

दुपारी, बाकीची पोरं गेल्यावर, तिनं क्षमाला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. आपल्या डोकेदुखीपायी आवाज बंद असायचा, हेसुद्धा. "त्याला ऐकू येत नाही असं वाटतंय मला. आजच कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. मी येते बरोबर."

क्षमा म्हणाली, "मी दिवाळीतच त्यांची वेळ घेतली होती, अक्का. तुम्ही थांबा म्हणालात म्हणून रद्द केली."

प्रेमाला मान वर करवेना. तेवढ्यात श्रीवत्स आला आणि तिचा पदर ओढायला लागला. त्याचा गेम पूर्ण झाला होता, ते त्याला दाखवायचं होतं. कोपऱ्यात कंप्युटर त्याच्यासाठी मोठमोठ्यानं टाळ्या वाजवत होता.