माहेर कशात बसतं?

सोलापुरात मी दुपारी बायकांना इंग्रजी व्याकरण शिकवते. पोरं इंग्रजी शाळेत आणि गृहपाठ आयांच्या गळ्यात, त्यामुळे वर्गाला तोटा नाही. त्या आठवड्यात ठिकाणांची नामं चालू होती. शहर हे सामान्यनाम, सोलापूर विशेषनाम. स्टेशन सामान्य, होटगी विशेष. विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल. मराठीत अक्षरांत लहानमोठं नसतं, ते आपण माणसांत करतो, असं मी दर वेळी म्हणते आणि दर वेळी दोघीतिघीच हसतात.

धडा तसा सोपा. पण होटगीकडच्या एका बाईनं हात वर केला.

"मॅडम, माहेर कशात बसतं?"

"सामान्यनामात. प्रत्येकीला असतं."

"व्हय, पण 'माहेरला चालले' म्हणलं की कुटं चालले ते समद्यास्नी कळतंय की. गावाचं नाव कुटं घ्यावं लागतंय?"

सगळा वर्ग तिच्या बाजूनं झाला. घरी तेलुगू बोलणारी एकजण म्हणाली, "आमच्यात पुट्टिल्लू म्हणतात, त्याला पण कॅपिटल द्या, मॅडम."

मायेला कॅपिटल मिळत नाही, असं सांगून मी विषय मिटवला. एरवी अशा वादात मला मजा येते. त्या दिवशी नुसती चिडचिड झाली आणि त्यात त्या बायकांचा काही दोष नव्हता.

सकाळीच भावाचा फोन येऊन गेला होता. टेंभुर्णीचं घर विकायचं ठरलं होतं. आई जाऊन वर्ष होत आलेलं, तो पुण्यात नोकरीला, बंद घराला वाळवी. त्याचं काही चुकत नव्हतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आई आहे तोवर माहेर, असं बायका म्हणतात. मला वाटायचं, ते इतरांच्या बाबतीत. आता घर गेल्यावर मला माहेर उरतं की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. पन्नाशीच्या बाईनं तो धाकट्या भावाला विचारायचा तरी कसा?

रविवारी सामान आवरायला निघाले. जिन्यात शेजारच्या काकूंनी हटकलं, "माहेरी का?" एरवी मी नुसती मान हलवते. या वेळी तोंडातून "टेंभुर्णीला" निघून गेलं. व्याकरणाच्या हिशोबानं सामान्याकडून विशेषाकडे गेले, म्हणजे बढतीच झाली. मला मात्र तिथल्या तिथे, जिन्यातच, रडू आलं. काकूंनी ते पाहिलं आणि भल्या बाईनं काही विचारलं नाही.

टेंभुर्णीत फारसं काही घडलं नाही. भांडी वाटून झाली, गाद्या कुणाला तरी देऊन टाकल्या. आईचं लोखंडी कपाट मला हवं होतं, पण आमच्या फ्लॅटच्या दारातून ते आत आलं नसतं. निघताना वहिनीनं रिकाम्या स्वयंपाकघरात माझी ओटी भरली. डबे बांधून झाले होते, म्हणून तांदूळ कागदाच्या पुडीतूनच घातले. भाऊ तेवढा वेळ बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत उभा राहिला. आम्ही तिघंही फार शहाण्यासारखे वागलो.

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. आजवर सणावारी त्याचं वाक्य एकच असायचं, "घरी कधी येतेस?" गावाचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं. या वेळी तो जरा चाचरत म्हणाला, "भाऊबीजेला पुण्याला ये की."

वाक्य बरोबर होतं. वहीत आलं असतं तर मी त्यावर खूण केली असती आणि पुढं गेले असते. पण मी 'पुण्याला'पाशीच अडले. आई गेल्यापासून माझं काय गेलं तेच मी मोजत बसले होते. 'घरी' म्हणायला त्याच्याकडेही काही उरलेलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मी नाही येत," मी म्हटलं. "तूच ये."

"कुठं, सोलापूरला?"

"घरी ये."