तळहातावरचा कापूर

भिवंडीजवळच्या कशेळीच्या गावदेवीचं वारं पुतळाबाईंच्या अंगात येतं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. चैत्रात पालखी निघाली की त्या मोकळ्या केसांनी पुढे घुमतात. देवळाच्या पायरीवर पुजारी त्यांच्या उघड्या तळहातावर कापूर पेटवतो. तो विझेपर्यंत हात हलला नाही, तर वारं खरं. पुतळाबाईंचा हात कधीच हलला नाही. नवरा गेल्यावर त्या माहेरी, भाऊ केसरीनाथच्या घरी परतल्या, त्या याच हाताच्या मानावर. परत आलेली बहीण म्हणून त्यांना कुणी कधी उलटून बोललं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. भाजायचं. दर वर्षी भाजायचं. दात आवळून त्या उभ्या राहायच्या, घरी येऊन हात गार पाण्यात बुडवून बसायच्या. देवी आपल्यात आलेलीच नाही, हे मग कितीतरी दिवस मनाला खात राहायचं.

या चैत्रात भाजलं नाही. ज्योत दिसत होती, पण चटका नव्हता. पुतळाबाई पायरीवरच रडल्या. लोकांना वाटलं, वारं उतरलं. पुतळाबाईंना वाटलं, देवी शेवटी आली. दुसऱ्या दिवशी तळहातावर पाण्यानं भरलेला मोठा फोड होता. तो त्यांनी पदराखाली ठेवला.

केसरीनाथची मुलगी उन्नती त्यांच्याच खोलीत निजते, लहानपणापासून. ती ठाण्याला नाच शिकते. लग्नातला नाच नव्हे. तिची शिक्षिका ऋतिका आजारी शरीर या विषयावर एक नाच बसवत होती. एक जण जमिनीवर पडलेला, बाकीचे त्याची नाडी बघतात, जीभ बघतात, पोट चाचपतात. मग तेच हात हळूहळू ओवाळू लागतात, अंगारा लावू लागतात, आणि पडलेलं अंग घुमत उठतं. शेजारच्या दापोड्यात केसरीनाथचं एक गोडाऊन रिकामं होतं, नवा भाडेकरू यायचा होता. तालीम तिथे चाले. घुमतात कसं ते नाचणाऱ्यांना दाखवायला उन्नती एका दुपारी आत्याला घेऊन गेली.

बाहेरून कंटेनर गेला की शटर थरथरायचं आणि त्याचा आवाज रिकाम्या गोडाऊनभर फिरायचा. पुतळाबाईंना तो आवाज आवडला नाही. पण पोरापोरींना बघून त्या हसल्या.

“जेवता का न्हाय रे तुम्ही? घुमायला पोटातून जोर लागतो.”

“आत्या, पाचव्या मात्रेवर मान फिरवायची आहे,” ऋतिका म्हणाली.

“देवी काय तुझ्या मात्रा मोजून येते?”

सगळे हसले. ऋतिकाही हसली, पण तिला शेवटी खरा कापूर हवा होता. आधी नाचणाऱ्यांतल्या कुणालनं हात पुढे केला. ज्योत धरली तोच त्यानं ओरडून कापराची वडी झटकली.

“याच्या अंगात देवी नाही, घाबरट आलाय,” कुणीतरी म्हणालं.

मग उन्नती उभी राहिली. कापूर करंगळीखालच्या उंचवट्यावर पेटला. तिनं मान वर केली आणि तशीच राहिली. ज्योत वाकली, उंच झाली, बसली. कुणी हललं नाही. ऋतिका हलकेच म्हणाली, “हेच. हे असंच ठेव.”

कापराच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता. तो पुतळाबाईंना ओळखीचा होता.

“आत्या!” उन्नतीचा चेहरा उजळला होता. “मला भाजलंच नाही गं! माझ्यात पण आली!”

पुतळाबाईंनी तिचा हात ओढून घेतला. कातडी पांढुरकी पडून फुगत होती. त्यांनी तिथे नख रुतवलं. उन्नती हसतच होती. अलीकडे हिच्या हातून पेला निसटायचा. परवा तव्याला बोट लागलं, ते हिला आपण सांगितल्यावर कळलं. आणि आपल्याला? पुतळाबाईंनी स्वतःची मूठ आवळली.

“डॉक्टरकडं चल.”

“का? ही तर खूण ना आपली?”

“भाजतं, पोरी.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मना भाजायचं. दर वर्षाला.”

उन्नतीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिची फसवणूक केली होती.

“मग देवी?”

“ते मागून बोलू.”

“आत्या, तंद्रीत शरीराला दुखणं जाणवत नाही, असं होतं,” ऋतिका म्हणाली.

“तंद्री उतरली ना आता? मग आता तरी दुखू दे तिला.”

ऋतिकानं उन्नतीचा हात हातात घेतला आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं.

भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उन्नतीचं कोपर दाबून पाहिलं, दंडावरचा फिकट चट्टा पाहिला. डोळे मिटायला लावून पेनाचं टोक हाताला टेकवलं. कुठे कुठे उन्नती ‘हो’ म्हणाली. करंगळीच्या बाजूला टोक फिरत राहिलं आणि ती शांतपणे वाट बघत राहिली. पुतळाबाई ते बघत होत्या.

“कुष्ठरोग वाटतोय. तपासणी करू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळ्यांनी बरा होतो, घाबरू नका. पण गेलेली जाणीव सगळी परत येईलच, असं नाही सांगता येत. घरात आणखी कुणाला हाताला-पायाला बधिरपणा?”

“नाही,” उन्नती म्हणाली. “कुणालाच नाही.”

पुतळाबाईंचा हात पदराखाली होता. पदराखाली तो होता तोवर ती पायरी, ते रडणं, सगळं त्यांचं होतं. इतक्या वर्षांत देवी एकदाच आली होती.

त्यांनी हात टेबलावर ठेवला.

“बाई, माझा पन बघा.”

“डोळे मिटा. लागलं की ‘हो’ म्हणा.”

पुतळाबाईंनी डोळे मिटले. भाजू नये म्हणून त्यांनी जिच्याकडे इतकी वर्षं मागणं मागितलं, तिच्याकडेच आता उलटं मागितलं. लागू दे. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

“लावलंत काय?” त्यांनी विचारलं.

पेनाचं टोक केव्हाचं त्यांच्या तळहातावर टेकलेलं होतं.