मिनास वजा जाता

सकाळी आठला मिनास भट्टी पेटवायचा आणि नऊ वाजेपर्यंत ग्रीसमधल्या व्होलोसच्या आमच्या या निर्वासित वस्तीला कॉफीचा वास चढलेला असायचा. माझं बटणं, दोरे, लोकरीचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच, मधे एकच भिंत. माझ्याकडून लोकर नेलेल्या बायका तक्रार करायच्या, स्वेटरला कॉफीचा वास येतो म्हणून. मग मी भिंतीवर मूठ आपटून ओरडायची, "मिनास, धूर आवर मेल्या, माझी पांढरी लोकर तपकिरी होईल!" पलीकडून आवाज यायचा, "मग तपकिरी म्हणून विक, आर्गिरो! दहा द्राख्मा जास्त घे!"

असला माणूस. रोज भांडायचा, आणि एखाद्या दिवशी भांडला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

त्याचा बाप समुद्रापलीकडच्या, तुर्कांच्या ताब्यात गेलेल्या स्मिर्नाहून जीव मुठीत धरून पळून आला होता. येताना त्यानं काय आणलं, तर कॉफी भाजायचा एक लोखंडी डबा. लोकांनी दागिने आणले, देवाच्या तसबिरी आणल्या, ह्यानं डबा. पत्र्याच्या खोपटात मिनास जन्मला आणि हात पोचायला लागल्यापासून तो डबा फिरवत बसला. लढाईच्या वर्षांत कॉफी दिसेनाशी झाली, तेव्हा बापलेक हरभरे भाजून दळायचे. "काय चव होती सांगू," मिनास म्हणायचा, "ओल्या पुठ्ठ्यासारखी! पण लोक यायचे, प्यायचे, आणि 'वा, मास्तर' म्हणून जायचे. खोटं बोलायचे बिचारे."

दोमना, त्याची बायको, तीही आधी गिऱ्हाईकच. आईसाठी पाव किलो न्यायला यायची आणि घरी जाईपर्यंत पुडा अर्धा किलोचा व्हायचा. शेवटी तिची आईच दुकानात आली आणि म्हणाली, "पोरा, तुझा काटा तरी बिघडलाय नाहीतर तू तरी." त्या उन्हाळ्यात लग्न झालं. दोमना गल्ल्यावर बसायची, म्हणून ते दुकान चाललं. नाहीतर मिनासनं निम्मी कॉफी वाटूनच टाकली असती. ती गेली त्यानंतर गल्ल्यावर थोमाई आली. चाळिशीची, थंड डोक्याची, कमी बोलणारी बाई.

मिनास गिऱ्हाइकाला "काय देऊ?" असं कधी विचारायचा नाही. तोंडाकडे बघायचा आणि ठरवायचा. औषधवाल्याला म्हणायचा, "तुझं पित्त उसळलंय, आज कमी भाजलेली ने." एखाद्या पोटुशी पोरीला तर चक्क हाकलून द्यायचा, "बाळ झालं की ये, तोवर दूध पी!" लोक चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

मग धुरानं त्याची छाती धरली. गुडघे तर कधीच गेले होते. डॉक्टरनं सांगितलं, भट्टीपुढे उभं राहणं बंद. मुलगी लुकिया कव्हालाला असते, ती फोनवर रडायची, "बाबा, या इकडे, खोली तयार आहे." शेवटी दुकान विकायचं ठरलं. लारिसाचा एक कॉफीचा व्यापारी तयार झाला. किती द्यायचे यावर दोघांचं जमेना, म्हणून दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करून किंमत काढणारी बाई बोलावली. एव्हान्थिया तिचं नाव. तिशीची, नीटनेटकी, बोलायला सरळ. मी आधीच तिच्यावर दात धरून होते, पण खरं सांगते, पोरगी वाईट नव्हती.

तिनं सगळं पाहिलं. भट्टी, चक्क्या, काटे, पोती. मग नावाआधी आदराचं 'कीर' लावून म्हणाली, "कीर मिनास, राग मानू नका. यंत्रं भंगारात जातील. जागा भाड्याची. किंमत आहे ती रोज दारात येणाऱ्या गिऱ्हाइकांची. धंदा टिकणारा आहे असं मी लिहिलं, तर लारिसावाले पूर्ण पैसे देतील, भट्टी चालू ठेवतील, थोमाईला ठेवतील, पाटीवरचं नावही ठेवतील. नाहीतर ते नुसती जागा घेतील आणि लारिसाहून भरलेली पाकिटं आणून विकतील."

"पाकिटं?" मिनास खुर्चीतून उठलाच. "माझ्या बापाच्या जागेत पाकिटं?"

पैसे दोन कमी आले असते तर त्याला चाललं असतं. पण भट्टी विझणं, थोमाई घरी बसणं आणि त्या फळीवर चकचकीत पाकिटं लागणं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. रात्र रात्र झोपला नाही म्हातारा.

एव्हान्थिया म्हणाली, एक पूर्ण दिवस दुकानात बसून बघते. मिनासनं तिला तारीख दिली अकरा नोव्हेंबर. मी म्हटलं, "अरे शहाण्या, त्या दिवशी संत मिनास! तुझा नामदिन!"

"म्हणूनच तर," तो डोळा मारून म्हणाला. "गर्दी बघून पोरीचे डोळे फिरतील."

मलाही ते पटलं, हेच नवल. आमच्याकडे वाढदिवस कोण विचारतो? पण ज्याच्या संताचा दिवस, त्याचं दार उघडं. बोलावणं लागत नाही, ओळखीचा असेल तो येणारच. मी चर्चपासून बंदरापर्यंत सगळ्यांना सांगून आले, "सोमवारी कॉफी घ्यायला या, सगळ्यांनी या, मिनासची किंमत ठरायची आहे!"

आले की! मिठाईचे खोके, फुलं, बाटल्या घेऊन आले. सकाळी दहाला दुकानात पाय ठेवायला जागा नाही. "पुष्कळ वर्षं जग, मिनास!" म्हणत औषधवाला आला, कोळी आले, पाद्री आला. पोलिक्सेनीबाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी अर्ध्या वस्तीला अक्षर शिकवलेलं. एव्हान्थिया कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर वही, हातात कुणीतरी कोंबलेला पेढ्याएवढा लोकुमचा तुकडा, साखर सांडून काळा स्कर्ट पांढरा झालेला. मी लांबून मिनासला खूण केली, झालं काम!

आणि मग माझं लक्ष गल्ल्याकडे गेलं. पनायिया, देवमाते माझी! मिनास कॉफी दळत होता, पुडे बांधत होता, लोकांच्या हातात देत होता आणि कुणी पाकीट काढलं की हातावर चापट मारत होता, "आजच्या दिवशी? लाज वाटते का? आज माझ्याकडून!" थोमाई बंद गल्ल्यावर कोपर टेकून उभी. नामदिनाला लोकांकडून पैसे घ्यायचे नसतात, त्यांना खाऊ-पिऊ घालायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. ठाऊक असून एकाच्याही डोक्यात आलं नाही. चांगली पाचपन्नास डोकी होती तिथं.

संध्याकाळी एव्हान्थियानं विचारलं, "कीर मिनास, आज विक्री किती?"

"आज कसली विक्री? आज सण!"

"बरं. मग हे एवढे लोक कॉफीसाठी आले होते की तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी!" काय ती छाती फुगवली त्यानं!

ती पोरगी हळूच म्हणाली, "तेच तर. आणि तुम्ही चाललात कव्हालाला. मग मी काय लिहू?"

मिनासनं हातातला ग्लास खाली ठेवला. मला बोलायचं होतं, काहीतरी झणझणीत, पण ती खोटं काय बोलली होती? आम्हीच तिला दाखवलं होतं की दुकान म्हणजे मिनास आणि मिनास वजा जाता चार पोती. मदत करायला गेलो आणि त्याच्याच पायावर धोंडा टाकला.

तोडगाही तिनंच काढला. "तुम्ही काही दिवस दुकानात येऊ नका. थोमाईबाईंना भाजू द्या, विकू द्या. काय होतं ते बघू, आणि मग मी तेच लिहीन."

सगळ्यांना सांगितलं, मिनास लुकियाकडे गेलाय. गेलाय कुठला! रोज सकाळी मागच्या दारानं माझ्या दुकानात यायचा आणि पडद्यामागे खोक्यांत बसायचा, भिंतीला कान लावून. "करपली!" असा एकदम ओरडायचा. "दोन मिनिटं जास्त ठेवलीन, वास येत नाही तुला?" मी म्हणायची, "गप बस, गिऱ्हाईक आहे दुकानात!" एका बाईनं तर विचारलंसुद्धा, "आर्गिरो, आत कोण खोकतंय?" म्हटलं, मांजर.

पहिले दिवस त्याच्या मनासारखे गेले. म्हणजे मनासारखे म्हणावे की नाही, तेच कळेना. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "मिनास कुठाय? कधी येणार? मग राहू दे, नंतर येते." पोलिक्सेनीबाई तर दारातूनच परत फिरल्या. मिनास पडद्याआडून कुजबुजला, "बघितलंस? गेली तशीच! माझ्याशिवाय कॉफी नाही घेतली!" चेहरा असा खुललेला. आणि मग त्याचं त्यालाच आठवायचं, की ही बातमी वाईट आहे. तोंड उतरायचं.

"तुला नक्की हवंय तरी काय?" मी वैतागून विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला. "दुकान चालायला हवं, आणि माझ्यावाचून अडायलाही हवं."

"मग जा, मेणबत्ती लाव संतापुढे. माणसांच्या हातचं नाही ते."

पण ते दिवस! काय सांगू. माझ्या मागच्या खोलीत गॅसची छोटी शेगडी होती. तिच्यावर तो, त्यानंच आधी मला दिलेल्या पुड्यांतली, आम्हा दोघांची कॉफी करायचा, फेस फुटू न देता, अगदी हळू. मग हात पुढे धरून बसायचा आणि मी त्या हातांवरून लोकर गुंडाळायची. स्मिर्नाच्या गोष्टी सांगायचा, बापाकडून ऐकलेल्या, निम्म्या खोट्या. माझा नवरा गेल्यापासून त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. ते दिवस संपूच नयेत असं मला वाटायचं.

हळूहळू भिंतीपलीकडचे प्रश्न कमी झाले. थोमाई गिऱ्हाइकाशी दोन शब्द जास्त बोलायला लागली. करपणं बंद झालं. मिनास नाक वर करून हुंगायचा आणि काहीच म्हणायचा नाही. एका सकाळी पोलिक्सेनीबाई पुन्हा आल्या. मिनासनं पडद्याची कड सरकवली. त्या आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, हातात पुडा. दारातच थांबून आतल्या थोमाईला काहीतरी म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग माझ्या काचेसमोरून गेल्या. मिनासबद्दल कुणाला विचारलं नाही, काही नाही.

त्या दिवशी लोकर गुंडाळताना त्याचे हात सारखे खाली येत होते.

एव्हान्थिया आली ती माझ्याच दुकानात, त्याला आनंदाची बातमी द्यायला. "कीर मिनास, अभिनंदन! आधी विक्री पडली, पण आता होती तिथं आली. गिऱ्हाइकं दुकानाची आहेत. तुमच्यावाचून अडत नाही. तसंच लिहिते मी." भट्टी राहणार, थोमाई राहणार, पाटी राहणार. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले, मनापासून. ती गेली आणि मिनास खोक्यावर बसला.

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"चांगलंच झालं." त्यानं लोकरीचा एक गुंडा उचलून परत ठेवला. "पण आर्गिरो, मला वाटलं होतं, निदान एक तरी माणूस अडून बसेल. एक तरी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बसले की! इतक्या दिवसांत मी त्या दुकानातून चिमूटभर कॉफी घेतली नाही."

तो हसला. डोळे भरलेले आणि हसतोय. "तू कुठे हिशेबात, वेडे? दोमना असल्यापासून मी तुझ्याकडून कधी पैसे घेतले? तू माझी बटणं शिवलीस, मी तुला कॉफी दिली. त्या पोरीला तू दिसणार कशी?"

उभ्या आयुष्यात इतकं गोड कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि ऐकून इतका जीवही कधी दुखला नाही. मी, आर्गिरो, जिला सगळी गल्ली घाबरते, लोकरीचा गुंडा उलगडून उगाच पुन्हा गुंडाळत बसले.

नाताळाआधी तो कव्हालाला गेला. बसवर सोडायला आम्ही सगळे होतो. त्यानं दिलेली कॉफी माझ्या घरी आणखी थोडे दिवस पुरली. मग एका सकाळी मी शेजारी गेले आणि म्हटलं, "थोमाई, शंभर ग्रॅम दे." तिनं दळली, बांधली, पैसे सांगितले. मी दिले, तिनं सुटे परत केले. दुकान असंच चालणार हे ठरलेलंच होतं, तिचं काही चुकलं नाही. पुडा घेऊन मी दुकानात आले, पडदा ओढला आणि खूप रडले.