खोडलेली विशेषणे
घरातली फरशी फिनेलने पुसली, की खालापूरकडच्या एका शेतकऱ्याने माझ्या टेबलावर ठेवलेली पाण्याची बाटली मला आठवते. त्याच्या विहिरीच्या पाण्याला असाच वास येत होता, आणि शेजारच्या कारखान्याच्या सांडपाण्याविषयी आमच्या आमदारांमार्फत मी विधानसभेत मांडलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर त्याच दिवशी हाती पडले होते. विहीर दूषित झाली, हे खरे आहे काय? ‘हे खरे नाही.’ असल्यास, कोणती कारवाई केली? ‘प्रश्न उद्भवत नाही.’ “मंग आमी पितो ते काय हाय, साहेब?” शेतकऱ्याने विचारले. संतापाच्या भरात मी नवा प्रश्न लिहिला, चार पानांचा. टेबलापलीकडे बसलेल्या माझ्या शिक्षिका पत्नीने तो वाचला आणि सगळी विशेषणे खोडली. “अहो, तुम्ही भांडताय, विचारत नाही. खरं आहे का म्हटलंत, की ते नाही म्हणून मोकळे. पाण्याचा नमुना कोणत्या तारखेला घेतला, एवढंच विचारा.” “आणि माझा संताप?” “तो आमटीत घालते, मिरच्या वाचतील,” ती म्हणाली, तसा शेतकरीही हसला. पुढच्या अधिवेशनात मंत्र्यांचे उत्तर आले: ‘नमुना घेण्यात आलेला नाही.’ शासनाची ती लेखी कबुली वर्तमानपत्रात छापून आली आणि आठवड्याभरात अधिकारी विहिरीच्या काठावर उभे होते. पत्नी गेल्यानंतरही मी प्रश्न लिहितोच, आणि ते पुन्हा चार पानांचे होतात. लिहून झाले की कागद सवयीने टेबलापलीकडे सरकवतो. तो तिथेच पडून राहतो, एकही शब्द न खोडलेला.