टोपीबाईंचा स्वतःचा आलेख

त्यांना सगळे टोपीबाई म्हणत. मनोविकारांवर संशोधन करणाऱ्या त्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, त्या अकरा वर्षं माणसांच्या डोक्यावर टोपी चढवत होत्या. टोपीला चौसष्ट भोकं. प्रत्येक भोकात बोथट सुईनं चिकट जेल भरायचं, तारा जोडायच्या आणि कानाला हेडफोन लावायचे. समोर पडद्यावर माशांची मुकी फिल्म चालू. कानात एकसारखं टुक, टुक, टुक, आणि मध्येच एखादा टुक किंचित लांब. माणसाचं लक्ष माशांकडे असलं तरी मेंदू तो वेगळा आवाज आपोआप टिपतो आणि आलेखात एक खळगा पडतो. भास-भ्रमाचा आजार असलेल्यांत हा खळगा बहुधा उथळ असतो. त्यावरून आजार वेळेवर ओळखता येईल का, हेच तिथे शोधत होते.

बाईंचा हात हलका होता. "केस धुवायला कोमट पाणी आहे हं," हे त्या इतक्या मायेनं सांगत की बुजलेली माणसंही निमूट बसत.

एका सोमवारी नवीन यंत्र आलं. ते नीट चालतंय का पाहायला कुणीतरी टोपी घालायला हवी होती. बाई हसत स्वतः बसल्या. त्यांच्या हाताखालच्या मुलीनं यंत्र चालवलं, आणि बाईंनीच उठून पडद्यावर आलेख पाहिला.

खळगा उथळ होता. अगदी पेशंटांच्या आलेखासारखा.

"यंत्रच बिघडलेलं दिसतंय," मुलगी म्हणाली. पण त्यानंतरच्या तिघांचे आलेख व्यवस्थित आले.

बाईंनी आपला आलेख कागदावर छापून गुपचूप पर्समध्ये ठेवला, कारण त्यांची धाकटी बहीण याच आजारासाठी पंधरा वर्षं औषधांवर होती. इमारतीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरीच्या अर्जात घरच्यांच्या आजाराबद्दल विचारलं नव्हतं आणि बाईंनी आपण होऊन सांगितलंही नव्हतं.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. भाजी चिरताना शेजारून कुणी हाक मारली की त्या सुरी खाली ठेवून नवऱ्याला विचारायच्या, "तुम्हीही ऐकलंत ना?" नळाचं टपटप मोजायच्या. बसमध्ये दोघं हसली की वाटायचं, आपल्यालाच हसतायत. मग वाटायचं, असं वाटणं म्हणजेच सुरुवात तर नव्हे?

"अगं, एका जागी बस तरी," नवरा म्हणाला. "पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेस."

"बसते हो," म्हणत त्या पुन्हा गॅलरीत गेल्या.

नवव्या दिवशी त्या आलेखाचा कागद घेऊन संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. आधी म्हणाल्या, एका ओळखीच्या बाईचा आहे. मग खुर्चीत बसता बसता खरं सांगून टाकलं, बहिणीचंही.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. "बाई, दोनशे पेशंट आणि दोनशे निरोगी माणसं घेतली तर सरासरीत फरक दिसतो. पण एकेकटं पाहिलं तर निरोगी माणसांतही कितीतरी उथळ खळगे निघतात. एका कागदावरून मी कुणालाच आजारी ठरवू शकत नाही."

"मग अकरा वर्षं मी करतेय काय?"

"ज्या दिवशी ठरवता येईल तो दिवस जवळ आणताय. अजून तो आला नाही."

"पुन्हा एकदा टोपी घालू का?"

"चांगला आला तर सुटलात म्हणाल, वाईट आला तर तिसऱ्यांदा घालाल. त्यापेक्षा झोप लागते का, ते सांगा." डॉक्टरांनी तासभर शांतपणे चौकशी केली. आजाराचं काही लक्षण त्यांना दिसलं नाही. दिसली ती धास्ती. बाई निघाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आजारी नसलेल्या भावंडांचा एक वेगळा गट आम्हाला हवाय. बहीण तयार असेल तर दोघी या. नसेल तर हा विषय इथेच संपला."

बाई रविवारी बहिणीकडे गेल्या. ती एका बाइंडिंगच्या दुकानात पानं जुळवायचं काम करायची आणि वरच्याच खोलीत राहायची. बाईंनी चाचरत सगळं सांगितलं.

धाकटी पानं जुळवत ऐकत होती. मग म्हणाली, "नऊ दिवस घाबरलीस ना, ताई? मला पहिली सहा वर्षं कुणी काय सांगत होतं, कुणी काय. एकानं अशक्तपणा म्हटलं, एकानं नैराश्य. आई तर म्हणायची, नाटकं करते. तेव्हा खरं काय ते सांगणारी एखादी टोपी असती तर माझं कॉलेज सुटलं नसतं."

"मी पण आईचंच ऐकलं," बाई म्हणाल्या.

"माहितीये मला." धाकटीनं पानांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. "येते मी. पण तुझ्या ऑफिसात मला शेजारीण म्हणून सांगायचं नाही."

मंगळवारी ती आली. बाईंनी हाताखालच्या मुलीला सांगितलं, "ही माझी बहीण." नात्यातल्या माणसाचा आलेख आपण घ्यायचा नाही, असा तिथला नियम होता, म्हणून टोपी त्या मुलीनं चढवली. बाई बाहेर येरझारा घालत राहिल्या. दोनदा दाराला कान लावला आणि दोनदा स्वतःवरच चिडल्या.

चाळीस मिनिटांनी धाकटी बाहेर आली. केस जेलनं चिकटलेले.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"ते मासे फार कंटाळवाणे आहेत. फिल्म बदला."

बाईंनी नळ सोडला, हातावर पाणी घेऊन ऊब पाहिली आणि तिचं डोकं बेसिनवर धरलं.