मोठ्या बाईंनी नेलेली म्हैस

मोठ्या बाईंनी मला फसवलं. माझी मैना नावाची पंढरपुरी म्हैस त्यांनी माझ्याच तोंडून हो म्हणवून घेऊन नेली आणि दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या पेठेसमोर माझी इज्जत घालवली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बाईंचं नाव निघालं की आमच्याकडचे लोक डोळे पुसायला लागतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

मी म्हशींचा व्यापारी. आमच्याकडं त्याला हेडी म्हणतात. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढत मोठा झालो आणि पुढं स्वतःचा गोठा उभा केला. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. रुमालाखाली मला कुणी हरवलेलं नव्हतं. बाईंनी हरवलं, आणि त्यांना बोटांची भाषा येतही नव्हती.

बाई आमच्या पेठेतल्या मुलींच्या सरकारी हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. शाळा एवढीशी. पाच खोल्या, पुढं मैदान, मागं पत्र्याची रिकामी शेड. बाईही एवढ्याशाच. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. समोर आलेल्याचं मनगट धरायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत नाडी मोजायची, ही त्यांची खोड. मुलगी रडत आली, नाडी. शिपाई उशिरा आला, नाडी. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब पटसंख्येवरून आवाज चढवायला लागले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "साहेब, आधी मैदानाला एक फेरी मारून या. मग बोलू." साहेब खरोखर फेरी मारून आले. परत आल्यावर त्यांना काय विचारायचं होतं तेच आठवेना.

"आधी पोट, मग पाटी," असं त्या म्हणत. त्या शाळेत प्रार्थनेच्या आधी मुली सूर्यनमस्कार आणि जोर मारायच्या. शेजारच्या तालमीतले पैलवान भिंतीवरून बघायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे, जरा जास्तच जोरात. बाई सकाळी एकेका मुलीची जीभ आणि नखं बघत. फिकट दिसली की विचारायच्या, "काल रात्री काय जेवलीस? खरं सांग. नाडी माझ्या हातात आहे."

दुसरं त्यांचं खूळ म्हणजे शनिवारची खुर्ची. दर शनिवारी एक मुलगी मुख्याध्यापिका व्हायची. चिठ्ठी टाकून नाव निघायचं, त्यामुळं हुशार, ढ, कुणीही. त्या दिवशी तिचा शब्द शेवटचा. बाई स्वतः बाकावर बसून पाढे म्हणायच्या. एका मुलीनं बाईंना कवायतीत पाय चुकला म्हणून मैदानात उभं केलं होतं. बाई उभ्या राहिल्या. घरी आल्यावर माझी थोरली, सुमन, हे सांगताना हसत होती. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "असली शाळा असती व्हय? उद्या ह्या पोरी घरात आपल्यालाच उभं करतील."

आता सौद्याचं. पेठेत घरं वाढली, गोठे आवळले, आणि माझी सगळ्यात देखणी म्हैस मैना बांधायला जागा उरली नाही. मैना म्हणजे माझं नाक होतं. आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं फटफटत जातो आणि म्हैस त्या आवाजामागं धावते. हजार आवाजांत तिनं आपल्या मालकाची गाडी ओळखली पाहिजे. ओळखली तर मालक खरा. तीन वर्षं मैना माझ्या बुलेटमागं अशी धावायची की लोक वाट सोडून बाजूला होत.

मी बाईंकडं गेलो. त्या मला कधी नावानं हाक मारत नसत. "बसा, पालक," म्हणाल्या. मी शेडचा विषय काढला आणि सवयीनं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. बाईंनी रुमालाखाली बोटं धरायची सोडून माझं मनगट धरलं.

"बाई, म्हस शेडात बांधतो. सकाळी पोरींना पेलाभर दूध देतो. ह्यापरास जास्त मला परवडत न्हाय."

बाई घड्याळाकडं बघत होत्या. "परवडतं," म्हणाल्या. "परवडत नाही म्हणताना नाडी उडाली."

मी पुन्हा म्हणालो की शेवटचा शब्द. पुन्हा उडाली. अशा माणसाशी सौदा कसा करायचा? शेवटी दूध दुप्पट, शेणखत शाळेच्या भाजीच्या वाफ्यांना, आणि म्हशीची देखभाल मुलींच्या हातात, एवढ्यावर मी हो म्हणालो. बाहेर येताना मात्र मी खूश होतो. शेड फुकट, पाणी फुकट, वर राबायला अख्खी शाळा. मला वाटलं, बाई बुडाल्या.

मुलींनी मैनेला काय काय केलं ते विचारू नका. तिचे खूर रोज धुतले जायचे. तिची जीभ बघितली जायची. बाई सकाळी आपल्या लुनावरून यायच्या, थेट शेडपाशी थांबायच्या आणि पर्समधून पेंडीचा डबा काढायच्या. त्या लुनाचा सायलेन्सर केव्हाचा फुटलेला. आवाज असा की दोन गल्ल्या आधीच कळावं, बाई आल्या. मी एकदा म्हणालो, "सायलेन्सर बदला की." बाई म्हणाल्या, "चालतंय तोवर चालू द्या." तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. फुटका सायलेन्सर आणि पेंड, रोज सकाळी. मी हयात म्हशींत काढली आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पाडव्याच्या आधी सरावासाठी मैनेला घरी न्यायला गेलो तो शनिवार होता. खुर्चीत सुमन बसली होती. माझी सुमन. तिनं मान वर केली नाही.

"पालकांनी बाहेर बाकावर बसावं. बोलावते."

"सुमे, मी हाय. तुजा बा."

"माहीत आहे. बाकावर बसा."

बाकावर बाई आधीच बसल्या होत्या. थोडं सरकून त्यांनी मला जागा दिली आणि हळूच म्हणाल्या, "आज कडक आहेत. मलाही प्यायला पाणी विचारून घ्यावं लागलं."

सुमननं आत बोलावलं आणि म्हैस न्यायची परवानगी दिली, पण अट घातली. सुट्टी संपली की मैना परत शाळेत, आणि पाडव्याला शाळेच्या वतीनं मोठ्या बाई हजर राहतील. मी म्हणालो, "येऊ द्यात की, बघू द्यात." एवढ्या स्वस्तात सुटलो म्हणून घरी जाऊन चहा मागवला.

पाडवा उजाडला. मैनेची शिंगं मोरपंखी रंगवली होती. मागं माझ्या आणखी सहा म्हशी. मी बुलेटवर, डोक्याला फेटा. पेठेतल्या दूधकट्ट्यापासून निघालो, मैना झोकात मागं. तेवढ्यात कोपऱ्यावरून लुनाचा आवाज आला. बाई पाहुण्या म्हणून येत होत्या, मागं फुलांचा हार बांधून. मैना जागीच थांबली. कान हलवले. आणि वळली. ती वळली तशा मागच्या सहाही वळल्या.

बाईंनी मागं बघितलं आणि मूठ पिळली. लुनानं आणखी आवाज केला, म्हशी आणखी पळाल्या. पुढं बाई, मागं सात म्हशी, त्यांच्या मागं फेटा सावरत मी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या पिटत होते. कोण तरी ओरडलं, "आरं, म्हस बाईंची हाय, हा नुसता धरायला ठेवलाय." शाळेचं फाटक उघडं होतं. बाई आत शिरल्या, मागोमाग सगळा लवाजमा. मी पोचलो तेव्हा म्हशी मैदानात प्रार्थनेच्या जागी उभ्या होत्या आणि बाई धापा टाकत मैनेच्या कपाळावर हात ठेवून म्हणत होत्या, "आज सुट्टी आहे. तुम्हाला कुणी बोलावलं?"

मी तिथं जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मनगट धरलं. म्हणाल्या, "पुढारी व्हायला आवाज मोठा लागत नाही, पालक. रोज वेळेवर यावं लागतं."

मैना शाळेतच राहिली. नेली असती तर पुन्हा पळून तिथंच गेली असती. काही वर्षांनी बाई निवृत्त होऊन जयसिंगपूरला भाचीकडं गेल्या. मी त्या दिवशी निरोपसमारंभाला मुद्दाम गेलो नाही. सौद्यातून उठायची एक रीत असते, दोघांनी हो म्हटल्याशिवाय कुणी उठत नाही. संध्याकाळी शिपाई माझ्या दारात लुना लावून गेला. हँडलला पेंडीचा डबा अडकवलेला होता. निरोप एवढाच होता की पालकांनी सायलेन्सर बदलू नये.

मग काय करणार? मैना असेपर्यंत दर पाडव्याला मी ती लुना चालवली. मी, सहा फुटांचा माणूस, गुडघे कानाला लावून, फेटा बांधून. लोक हसले. मैना मात्र मागून डौलात यायची आणि दुसऱ्या कुणाच्या आवाजामागं वळायची नाही. बाई वारल्याचा निरोप आला तेव्हा ती शेडमध्येच होती. मी लुना सुरू केली आणि तिला मैदानाला एक फेरी मारून आणली. दुसरं काही सुचलं नाही.

आता सुमन कागलकडच्या एका मुलींच्या शाळेत शिकवते. मागच्या रविवारी घरी आली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "आबा, आमच्या शाळेमागं एक शेड रिकामी आहे. मैनेची नात तुम्ही नुसती बांधून ठेवलीय."

मी म्हणालो, "मला परवडत न्हाय."

तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून दोघांच्या हातांवर टाकला. मी बोटं पुढं केली. तिनं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली.

सौदा तिला मी शिकवला होता. नाडी धरायला कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे. जयसिंगपूरला जाऊन बाईंना जाब विचारावा, तर तीही सोय त्यांनी ठेवली नाही. मग माझ्या दोन म्हशींचा आणि एका लेकीचा जाब मी कुणाला विचारायचा? कुणीतरी समोर या, हातावर रुमाल टाका आणि उत्तर द्या.